कॉट बेसिसवर जग

पुण्याच्या पेठांमध्ये शिकायला येऊन राहिलेल्या कुणालाही ‘कॉट बेसिस’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. खोली आपली नसते. खोलीतली एक खाट, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा आणि दोरीवर टॉवेल वाळत घालण्यापुरती हातभर जागा, एवढंच आपलं. भाडंही त्या खाटेचंच. परदेशात एकट्याने, मोजक्या पैशांत फिरण्याचा जो शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, तो बराचसा याच खाटेचा इतिहास आहे.

एकट्या प्रवाशाचं दुखणं पैशांच्या हिशेबात कुठे असतं ते आधी पाहू. रेल्वेचं तिकीट माणशी असतं, जेवणही माणशी. दहा जण निघाले काय किंवा एक निघाला काय, त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो रात्री. हॉटेलची खोली दोघांच्या हिशेबाने बांधलेली असते आणि तिचं भाडं एकाने राहिलं तरी जवळपास तेवढंच लागतं. चार मित्र ते वाटून घेतात, एकटा निघालेला सगळं स्वतः भरतो. म्हणून कित्येक शतकं परदेशी एकटं फिरणं हे एक तर श्रीमंताचं काम होतं, नाही तर फकिराचं. मधल्या माणसाला वाट मिळाली ती कुणी तरी खोलीऐवजी खाट भाड्याने द्यायला लागल्यावर. आणि तो कुणी तरी हॉटेलवाला नव्हता. तो प्राथमिक शाळेतला मास्तर होता.

रिचर्ड शिरमान यांचा जन्म १८७४ मधला, पूर्व प्रशियातला. १९०१ मध्ये ते जर्मनीच्या पश्चिमेकडे, गेल्सेनकिर्शेन या कोळशाच्या गावी शिकवायला आले आणि दोन वर्षांनी आल्टेना गावाजवळच्या नेटे इथल्या शाळेत रुजू झाले. आल्टेना हे लेन नदीकाठचं, दोन्ही बाजूंना डोंगर असलेलं गाव. तिथला पिढीजात धंदा तार ओढण्याचा. कामगारांची ही मुलं धुरात वाढत होती. मास्तरांचं मत असं की अशा मुलांना चार भिंतींत कोंडून भूगोल आणि निसर्ग शिकवण्यात काही अर्थ नाही. ते वर्ग घेऊन रानात जात, नदीकाठाने चालत आणि वाटेत जे दिसेल ते शिकवत. ‘चालती शाळा’ म्हणावी असा हा प्रकार होता. वरिष्ठांना तो फारसा रुचला नाही, पण मुलांना रुचला.

अशाच एका पायी सहलीत २६ ऑगस्ट १९०९ ही तारीख आली. आल्टेनाहून आखेनपर्यंतची आठ दिवसांची चाल होती. ब्रोल नदीच्या खोऱ्यात वादळाने गाठलं. मुलं भिजलेली, दमलेली. एका शेतकऱ्याने धान्याच्या कोठारात झोपू द्यायला नकार दिला. शेवटी गावातली शाळा उघडली गेली. सुटीमुळे वर्ग रिकामा होता. बाकं एका बाजूला सारली, जमिनीवर पेंढा अंथरला आणि मुलं त्यावर आडवी झाली. बाहेर रात्रभर गडगडाट चालू होता. मुलांना झोप लागली, मास्तरांना लागली नाही.

त्या जागरणात त्यांना जे सुचलं ते ऐकायला अगदी साधं आहे. सुटीच्या दिवसांत गावोगावच्या शाळा रिकाम्या असतात. एका दिवसाच्या चालीइतक्या अंतरावर अशी एकेक शाळा ठरवायची, दोन वर्ग मोकळे करायचे, एक मुलांना आणि एक मुलींना. पेंढ्याच्या गाद्या, पांघरुणं, पाण्याची सोय. मुलं सकाळी उठून आपलं अंथरूण आवरतील, जागा झाडून देतील आणि पुढे चालू लागतील. एवढंच.

मुलींसाठीचा दुसरा वर्ग पहिल्या आराखड्यातच होता, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. एकट्या बाईने परदेशात फिरण्याची वाट पुढे जी मोकळी झाली, तिची सुरुवात कुठून करायची असं विचारलं तर त्या रिकाम्या वर्गापासून करावी लागेल.

अर्थात वाटसरूला स्वस्तात आसरा देण्याची कल्पना शिरमान यांच्या आधीही होती. जर्मनीत सुतार, गवंडी असे कारागीर उमेदवारी संपली की काही वर्षं गावोगाव हिंडत काम शिकत आणि त्यांच्यासाठी उतरायच्या जागा असत. बोहेमियाच्या डोंगरांत गुइडो रोटर यांनी १८८४ पासून विद्यार्थ्यांसाठी स्वस्त मुक्काम सुरू केले होते. १९०१ मध्ये बर्लिनजवळच्या श्टेग्लित्समधून ‘वांडरफोगेल’ म्हणजे भटके पक्षी ही तरुणांची चळवळ निघाली. गिटार घेऊन, शहराकडे पाठ फिरवून रानोमाळ भटकणारी. पण ती बहुतांशी बऱ्या घरची, मोठ्या शाळांत शिकणारी मुलं. तार ओढणाऱ्या कामगाराच्या मुलाला या कुठल्याच दारातून प्रवेश नव्हता. शिरमान यांची दृष्टी त्या मुलावर होती.

मराठी वाचकाला इथे धर्मशाळा आठवणार आणि ती आठवण अस्थानी नाही. पंढरपूरच्या वाटेवर देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत रात्र काढणारा वारकरी खाटेचंही भाडं देत नव्हता. पण शेजारी कोण झोपणार, हा आपल्याकडचा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर जात देत असे. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच कारणाने. इतरांच्या धर्मशाळांत ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हतं, त्यांना विठोबाच्या गावी पाठ टेकायला जागा हवी होती. नंतर बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. अनोळखी माणसांनी एका छपराखाली शेजारीशेजारी झोपणं ही गोष्ट पैशांची वाटते, पण ती त्याआधी समाजाची असते. जर्मनीत कामगाराचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा यांच्या खाटा शेजारी लावणं हेही तेव्हा काही सोपं नव्हतं.

शिरमान यांनी आपली कल्पना १९१० मध्ये कोलोनच्या वर्तमानपत्रात मांडली. पत्रं आली, देणग्या आल्या. विल्हेल्म म्युंकर नावाचे एक कारखानदार येऊन मिळाले आणि चळवळीचा सगळा कारभार त्यांनी खांद्यावर घेतला. मास्तरांनी आधी आपल्याच नेटेच्या शाळेत सुटीत पेंढा अंथरून सुरुवात केली होती. तेव्हा आल्टेनाच्या डोंगरावरचा जुना किल्ला दुरुस्त होत होता. १९१२ मध्ये त्या किल्ल्यात कायमचं यूथ हॉस्टेल आलं, जगातलं पहिलं. आता पेंढा जाऊन जाडजूड लाकडी खाटा आल्या, एकावर एक तीन मजली. शेजारी स्वयंपाकघर, धुण्याची जागा आणि सगळ्यांनी बसायची एक मोठी खोली. आजच्या कुठल्याही हॉस्टेलचा नकाशा काढला तर तो याहून फार वेगळा निघत नाही.

मग महायुद्ध आलं. शिरमान पश्चिम आघाडीवर, फ्रान्सच्या वोज डोंगरात खंदकात होते. १९१५ च्या नाताळात त्यांच्या भागात गोळीबार थांबला. फ्रेंच आणि जर्मन सैनिक जुन्या, वापरात नसलेल्या भुयारांतून एकमेकांकडे गेले. इकडची काळी पाव-भाकरी, बिस्किटं आणि मांस तिकडे गेलं. तिकडची वाइन, कोन्याक आणि सिगारेटी इकडे आल्या. नाताळ संपल्यावरही त्यांना पुन्हा एकमेकांवर बंदूक रोखणं जड गेलं. वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांना एकमेकांना भेटायला जागाच मिळाली तर, हा विचार शिरमान यांनी त्या काळात लिहून ठेवला आहे. वादळी रात्री सुचलेल्या कल्पनेत परदेश नव्हता, तो खंदकात शिरला.

युद्धानंतर, १९१९ मध्ये, जर्मनीत हॉस्टेलांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिचा वेग आश्चर्यकारक होता. १९३२ पर्यंत देशात २,००० हून जास्त हॉस्टेलं झाली होती आणि वर्षाला ४५ लाखांवर मुक्काम नोंदले जात होते. मंदीचा, बेकारीचा हा काळ. खिशात पैसे नसलेली पिढी रस्त्यावर होती आणि तिला रात्रीची सोय मिळत होती.

ब्रिटनने ही कल्पना १९३० मध्ये उचलली. इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेलियन तिथल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले आणि जॅक कॅचपूल हे पहिले सचिव. एका रात्रीचा दर एक शिलिंग. तिथून पुढे ऑक्टोबर १९३२ मध्ये ॲमस्टरडॅमला ११ युरोपीय देशांच्या संघटना एकत्र बसल्या. तिथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि एका देशाच्या सभासदाला दुसऱ्या देशाच्या हॉस्टेलात खाट मिळण्याचा रस्ता खुला झाला. पोलंडचं कार्ड नॉर्वेत चालू लागलं. शिरमान लवकरच या महासंघाचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या मायदेशात मात्र १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि हिटलरच्या युवक संघटनेने हॉस्टेलांचा ताबा घेतला. सगळ्यांसाठी उघडलेलं दार ज्यू मुलांसाठी बंद झालं. १९३६ मध्ये शिरमान यांना आंतरराष्ट्रीय अध्यक्षपद सोडायला भाग पाडलं गेलं. एखाद्या चांगल्या कल्पनेची वास्तू तशीच राहते आणि आतली माणसं बदलली की तिचा अर्थ किती उलटा होतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर शिरमान पुन्हा कामाला लागले. १९६१ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर त्यांची खाट समुद्रापार पोहोचली होती.

हॉस्टेलच्या जुन्या नियमांविषयी थोडं सांगायला हवं, कारण स्वस्ताईचं गुपित त्यांत होतं. पायी किंवा सायकलवर येणाऱ्याला प्राधान्य. मोटारीने येणाऱ्याला कित्येक ठिकाणी दारातूनच परत पाठवत. चादरीची शिवलेली पिशवी आपली आपण आणायची, म्हणजे हॉस्टेलला रोज कपडे धुवावे लागत नाहीत. दिवसा दार बंद, संध्याकाळी उघडणार. रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवायचे. दारू नाही. एका ठिकाणी सहसा तीनच रात्री. आणि सकाळी निघण्याआधी वाट्याला आलेलं काम करायचं: कुणी बटाटे सोलायचे, कुणी जिना झाडायचा, कुणी न्हाणीघर धुवायचं. नोकरांचा खर्च असा वाचायचा. घर सांभाळणाऱ्या जोडप्याला जर्मनीत ‘हॉस्टेलचे आईबाप’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखत. एकट्या मुलीच्या घरचे तिला सोडायला तयार व्हायचे त्यात या आईबापांचा, वेगळ्या खोल्यांचा आणि दहाच्या कुलपाचा वाटा मोठा होता.

खाट झाली, मग उरलेला खर्च कसा आवरायचा हे सांगणारे आले. युरोपात नेमणुकीवर असलेल्या आर्थर फ्रॉमर या अमेरिकी सैनिकाने आधी सैनिकांपुरती एक छोटी मार्गदर्शिका काढली आणि १९५७ मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये युरोप कसा पाहावा हे सांगणारं पुस्तक लिहिलं. १९५९ मध्ये युरेल पास आला. १९७२ मध्ये युरोपच्या रेल्वे कंपन्यांनी २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इंटररेल काढला. एका तिकिटावर २१ देश, महिनाभर. रात्रीची गाडी पकडली की त्या रात्रीची खाटही वाचायची. पॅरिसमध्ये डोळा लागायचा आणि पहाटे आल्प्स दिसायचे.

याच वेळी मुंबई-पुण्यातल्या तरुणाची स्थिती काय होती?

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, परकीय चलनावर जी बंधनं आली ती स्वातंत्र्यानंतर सुटण्याऐवजी आवळत गेली. १९४७ चा कायदा झाला, पुढे १९७३ चा त्याहून कडक कायदा झाला. पासपोर्ट देणं-न देणं बराच काळ सरकारच्या मर्जीवर होतं. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सांगितलं, तेव्हा त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा करावा लागला. पासपोर्ट मिळाला तरी पैसे? आधी तीन पौंड आणि नंतर आठ डॉलर, हे आकडे त्या पिढीतल्या अमेरिका-इंग्लंडला गेलेल्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांचा झाला होता. म्हणजे आठ डॉलर हे साठ रुपये. फ्रॉमरच्या काटकसरीच्या हिशेबाने सुद्धा ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत पुरले असते. घरी साठ हजार असले तरी ते विमानात नेता येत नव्हते. आपल्याकडे एकट्याने, स्वस्तात जग पाहण्याची परंपरा उशिरा रुजली याची कारणं लोक स्वभावात शोधतात, मराठी माणूस घरकोंबडा म्हणून मोकळे होतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. कायद्याने खिसा शिवून टाकलेला होता.

त्यातूनही निघालेली माणसं आहेत. मुंबईहून १९२३ मध्ये सायकलवर जगप्रदक्षिणेला निघालेले पारशी तरुण १९२८ मध्ये परतले. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनकडे निघाले. निघण्यापूर्वी ते विनोबांना भेटले. विनोबांनी सांगितलं की पैसे जवळ ठेवू नका. त्यामागचा विचार असा की पैसे असले तर माणूस दिवसाअखेर खानावळ शोधतो, खानावळीत जेवतो, झोपतो आणि पुढे जातो. पैसे नसले तर त्याला कुणाचं तरी दार ठोठावावंच लागतं. पाकिस्तानात, अफगाणिस्तानात, इराणात त्यांनी दारं ठोठावली आणि ती उघडली. विनोबांनी दिलेला हा सल्ला जगातल्या कुठल्याही प्रवास मार्गदर्शिकेपेक्षा धाडसी होता.

उलट्या दिशेने मात्र रांग लागली होती. लंडनहून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत गोऱ्या तरुणांचे तांडे जुनाट बसमधून भारतात उतरत होते. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं १९७२ मध्ये याच वाटेने ऑस्ट्रेलियात पोहोचलं तेव्हा त्यांच्याजवळ २७ सेंट उरले होते. त्या प्रवासावरच्या छोट्या पुस्तकातून १९७३ मध्ये लोनली प्लॅनेट उभं राहिलं. गोव्यात हणजुण, वागातोर, कळंगुट या गावांतल्या घरांनी त्यांना ओसरीच्या खोल्या भाड्याने दिल्या. हणजुणचा बुधवारचा बाजार सुरू झाला तो या मंडळींनी परतीच्या भाड्यासाठी कॅमेरे, कपडे, गिटारी विकायला मांडल्या म्हणून. गोव्याच्या बाईने परक्याला खोली दिली तेव्हा तिला स्वतःला बाहेरचं जग पाहण्याची सोय नव्हती. १९७९ मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजा यांनी ही जमिनीवरची वाट बंद केली.

शिरमान यांची संघटना भारतात आली होती ती १९४५ मध्ये, स्काउट मंडळींच्या हातून. पण ‘यूथ हॉस्टेल’ म्हटलं की मराठी घरात परदेशातली खाट आठवत नाही. आठवतो तो हिमालय: सार पास, कसोलचा बेस कॅम्प, सकाळची शिट्टी, तंबूतला चहा, डब्यात भरून घेतलेलं जेवण, रात्री शेकोटीपाशी गाणी आणि झोपण्याआधी गरम बोर्नव्हिटा. ठाणे, डोंबिवली, सांगली, नाशिकच्या किती तरी मुलामुलींनी घरच्यांशिवाय घालवलेली पहिली रात्र या तंबूंत घालवली आहे. नावगाव ठाऊक नसलेल्या माणसाच्या शेजारी झोपणं, आपलं ताट आपण धुणं, दहाला गप्प होणं ही सगळी आल्टेनाची शिस्त सह्याद्रीतल्या पोरांनी पार्वती खोऱ्यात शिकली.

परदेशासाठी मात्र १९९१ नंतरची दोन दशकं लागली. मधल्या काळात ‘परदेश’ म्हणजे ग्रुप टूर, सोबत आचारी आणि थेपले-श्रीखंड असा सोयीचा रस्ता तयार झाला, आणि ज्यांनी आयुष्यभर विमान नुसतं वर पाहिलं त्यांना त्याने स्वित्झर्लंड दाखवलं हे त्याचं मोठं काम. एकटीने जाता येतं हे मराठी वाचकाच्या मनात उतरवलं ते मीना प्रभूंनी. ‘माझं लंडन’नंतर चीन, तुर्कस्तान, मेक्सिको असे देश त्यांनी पुस्तकामागून पुस्तकात उभे केले आणि त्यांतले बरेचसे प्रवास त्यांनी एकटीने केले होते. नकाशा हातात घेऊन स्टेशनाबाहेर उभी असलेली एकटी मराठी बाई हे चित्र त्याआधी आपल्या प्रवासवर्णनांत फारसं नव्हतं. २००० मध्ये चलनाचा नवा, सैल कायदा लागू झाला आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मोकळीक दिली. आठ डॉलरपासून इथवर यायला एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

आता जी हॉस्टेलं आहेत ती बहुतेक खासगी. सभासदत्वाचं कार्ड लागत नाही, रात्री दहाचं कुलूप गेलं, झाडूही गेला. कुठे मुलामुलींची एकत्र खोली असते, कुठे फक्त बायकांची. प्रत्येक खाटेला पडदा, डोक्याशी दिवा आणि फोन लावायला प्लग. स्वयंपाकघर मात्र टिकून आहे, आणि त्यात फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवलेल्या पिशव्या. प्राग किंवा हनोईतल्या अशा एखाद्या स्वयंपाकघरात पोहे भिजवणारी औरंगाबादची किंवा कोल्हापूरची मुलगी दिसणं आता नवलाचं उरलं नाही. तिच्या शेजारच्या खाटेवर कोण आहे हे तिला रात्री आल्यावर कळतं.

आल्टेनाच्या किल्ल्यात शिरमान यांच्या त्या पहिल्या खोल्या संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. तीन मजली खाटा तशाच उभ्या आहेत, लाकूड काळं पडलंय. वरच्या खाटेवर चढायचं तर पाय कुठे ठेवायचा हे आजही पाहताक्षणी कळतं. संग्रहालयाचं दार संध्याकाळी बंद होतं. त्याच किल्ल्याच्या खालच्या अंगणात दुसरं दार आहे. ते हॉस्टेलचं, आणि तिथे अजून खाट मिळते.